लाकडी नंदीची मालिका : पोळा ते दिवाळी

मुलांना झोपवताना रोज रात्री सांगायची, उन्हाळ्यात सुरू केलेली राक्षसाच्या गोष्टींची मालिका बंद केली. मुलांना ती आवडत होती, पण दर रात्री राक्षस मेला की धाकटा टाळ्या वाजवत अंथरुणात उभा राहायचा. साडेतीन वर्षांच्या पोराला जिंकल्यावर झोप कुठली यायला! मोठी सहाची. तिला काहीही चालतं, फक्त कालचं आज नको. धाकट्याला नेमकं कालचंच हवं, शब्दाला शब्द. पोळ्यापासून या दोघांच्या मधला रस्ता शोधणं चालू आहे आणि आता बऱ्यापैकी सापडलाय, म्हणून ही नोंद.

नवी मालिका तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यात मिळाली. आमचा लाकडी नंदी बेगड-झुली लावून दोन गल्ल्या फिरला आणि त्याचं मागचं एक चाक कुरकुरायला लागलं. बोजारा (नंदी फिरवताना घरोघरी मुलांना मिळणारे पैसे) मोजून झाला, नंदी आलमारीवर गेला. मोठी म्हणाली, "आता हा वर्षभर काऊन वरच बसून राहते?" पात्र मिळालं, अडचणही मिळाली. रात्री सगळे झोपले की नंदी खाली उतरतो आणि चाकाला तेल शोधत नागपूरभर फिरतो. एवढंच कथानक. यापेक्षा जास्त लागत नाही, हे मी आता ठामपणे सांगू शकते.

बांधणी भोपळ्यातल्या म्हातारीकडून घेतली. तिला वाटेत भेटणारे प्राणी एकच बोलतात आणि तीही सगळ्यांना एकच उत्तर देते. परतीच्या वाटेवर तेच पुन्हा भेटतात. पुढे काय होणार हे पोराला माहीत असतं, तरी तो वाट बघत पडून राहतो. पडून राहतो, हे महत्त्वाचं. आमचा नंदी प्रत्येकाला म्हणतो, "कुर्रकुर्र करतं चाक, तेल द्या हो थेंबभर." समोरचा म्हणतो, "माझ्याकडे नाही बाबा, पुढे विचार." धाकट्यासाठी ही दोन वाक्यं पक्की, त्यात काना-मात्राही बदलायची नाही. मोठीसाठी रोज एकच मुक्काम नवा. बाकीचे जुने.

सध्याचा क्रम असा बसलाय. पहिला मुक्काम झीरो माइलचा दगडी खांब, कारण तिथले चार घोडे दोघांनीही पाहिलेत. घोडे म्हणतात, आमचे पाय हलतच नाहीत, आम्हाला तेल कशाला? दुसरा मुक्काम तर्री-पोह्याची गाडी. ही मोठीची भर. "तर्रीवर तेलच तेल राहते ना!" मग नंदीच्या चाकाला तर्री लागते आणि चाक शिंकायला लागतं. इथे दोघंही लोळून हसतात. हसण्याची जागा कुठे, यावर मी बरीच फिरवाफिरव केली. मधोमध ठेवली तर झोप मागे सरते, शेवटी ठेवली तर रात्रच हातची जाते. गोष्टीच्या पहिल्या एक-तृतीयांशात ती चपखल बसते. हसून अंग सैल होतं आणि पुढचा उतार आपोआप लागतो.

त्यानंतर फुटाळा तलाव. तिथे कुणी बोलत नाही, नंदी फक्त चाक धुतो. मग कडबी चौकातलं नॅरोगेजचं म्युझियम. ते 2002 साली सुरू झालं आणि छोट्या रुळांवरची जुनी इंजिनं तिथे उभी आहेत. इंजिनआजोबांकडे तेलाची कुपी असणारच, यावर दोघांचंही एकमत. रूळ किती छोटे, हे मोठीला हवंच होतं. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. सकाळी टेप घेऊन आम्ही ते फरशीवर मोजलं. (माहितीचे प्रश्न रात्री घ्यायचे नाहीत. "उद्या मोजू" म्हणायचं आणि खरंच मोजायचं, नाहीतर दुसऱ्या रात्री आपली पत राहत नाही.) आजोबा थेंबभर तेल देतात, कुरकुर थांबते, आणि परतीची वाट चाक न वाजता. परतीला तेच लोक उलट्या क्रमाने, पण आता प्रत्येक जण नुसतं "झालं का?" विचारतो आणि नंदी "झालं" म्हणतो. प्रत्येक "झालं" आधीच्यापेक्षा हळू. घोड्यांपर्यंत मी सहसा पोचतच नाही.

आवाजाबद्दल एक. कूलर चालू असेपर्यंत कुजबुजून सांगणं शक्यच नव्हतं, त्या घरघरीवर ओरडावंच लागायचं. आता कूलर कापड गुंडाळून मागच्या खोलीत गेलाय आणि परतीची अख्खी वाट कुजबुजीत जमते. एप्रिल-मेसाठी वेगळी गोष्ट बांधावी लागेल, आवाज न उतरवता वेग उतरवणारी.

सगळ्यात कामाची निघाली ती मारबत. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि लोक ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" धाकटा काळ्या मारबतीला घाबरला होता, म्हणून आमच्या घरात ती आधी दारावर येते आणि नावानिशी कामं विचारते. गोष्टीपूर्वी प्रत्येकाने दिवसभरातली एक कटकट तिच्या झोळीत टाकायची. "डब्यातलं कारलं घेऊन जा गे मारबत." "माझ्या लाल पेन्सिलीला चावणारा मुलगा घेऊन जा गे मारबत." मच्छर तर रोजच असतात. परवा धाकटा म्हणाला, "आईचं ऑफिस घेऊन जा गे मारबत," आणि मला पुढचं वाक्य सुचेना. खऱ्या मारबतीला शेवटी जाळतात, आमची नुसती शिवेबाहेर चालत जाते. जळणं रात्रीच्या गोष्टीत मी घेत नाही. हा माझा नियम, तुमचा वेगळा असू शकतो. पण कटकटी आधी बाहेर गेल्या की गोष्टीत मधेच "आई, आज ना शाळेत..." येणं जवळपास थांबलंय.

शेवट मात्र जुनाच ठेवला, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. अर्थ दोघांनाही माहीत नाही आणि त्यांनी विचारलाही नाही. ते ऐकलं की डोळे मिटायचे, एवढं ठरलंय.

पुढचं काम भाऊबीजेचं. भाचे येणार, एक दहा वर्षांचा. त्याला आलमारीवरचा नंदी पुरणार नाही, म्हणून त्याला सांगणाऱ्याच्या बाजूला घ्यायचा विचार आहे. इंजिनआजोबांचा आवाज त्याचा.

काल मी कणीक मळत असताना मोठीनेच धाकट्याला गोष्ट सांगितली. घोडे, फुटाळा, इंजिन सगळं बरोबर. फक्त तर्री तिने शेवटी ठेवली. साडेदहापर्यंत दोघंही शिंकत होते.