पागेतलं शिंगरू आणि डबीतलं शिंगरू

पागेत जायचं तर पहाटे. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, त्यामुळे उजाडताना पोचलं की काही तासांचं शिंगरू बघायला मिळतं. आम्ही प्राण्यांचे छोटे पुतळे गोळा करतो, त्यातही शिंगरं जास्त, आणि ही फेरी त्याचसाठी होती. ‘शिंगरू’ म्हणून विकली जाणारी कितीतरी खेळणी नवजात पिल्लाची नसतातच. ती असतात तीन-चार महिन्यांच्या शिंगराची. हा फरक चित्रं बघून डोळ्यात बसत नाही. त्याला पहिल्या तीन दिवसांतलं खरं शिंगरूच बघावं लागतं.

दाराशीच जंतुनाशकाचं घमेलं होतं. बुटांची लीद आणि चिखल आधी ब्रशने काढायचा, मगच पाय बुडवायचे. घाण तशीच राहिली तर जंतुनाशक तिच्याखाली पोचतच नाही. एका दिवसात दोन पागा करू नयेत. रोटाव्हायरसची हगवण बुटा-कपड्यांवरून एका पागेतून दुसऱ्या पागेत जाते आणि लहान शिंगरांना फार त्रास देते. सोबत मोजपट्टी होती, फ्लॅश बंद केलेला कॅमेरा होता आणि डबीत दोन पुतळे होते, एक १:९ चा, म्हणजे खऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढा, आणि एक १:३२ चा. डबी खणाबाहेरच ठेवली, कारण शिंगरू दिसेल ते तोंडात घालतं.

विण्याचा खण साधारण सव्वाचार मीटर लांब-रुंद होता. खाली जाड पेंढा होता. लाकडाचा भुसा इथे चालत नाही, तो ओल्या नाकपुड्यांना आणि नाळेला चिकटतो. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते, सरासरी ३४० दिवस, पण एखादी ३२० व्या दिवशी विते, एखादी वर्ष भरत आणते. म्हणून दिवस मोजत बसण्यापेक्षा कास बघतात. दोन ते चार आठवडे आधी कास भरू लागते आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब गोठतात.

पाणमोट फुटल्यावर शिंगरू २० ते ३० मिनिटांत बाहेर यायला हवं. आधी पांढुरकी, पारदर्शक पिशवी दिसते. त्याऐवजी लाल, मखमली पिशवी दिसली, तर वार, म्हणजे नाळेतून शिंगराला पोसणारं आवरण, आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. ती तिथल्या तिथे फाडून शिंगरू ओढून काढावं लागतं. डॉक्टरला फोन लावायचाच, पण त्याची वाट बघत थांबायचं नाही.

आमच्या समोरचं शिंगरू रात्री झालेलं होतं. पागेवर हिशेब एक-दोन-तीनचा: एका तासात उभं राहावं, दोन तासांत लुचावं, तीन तासांत घोडीची वार पडावी. वार पडली की ती जमिनीवर पसरून पूर्ण आहे का ते बघतात. एखादा तुकडा आत राहिला तर घोडीला ताप येतो आणि पाय धरून लंगडेपणाही येऊ शकतो. नाळ कापत नाहीत, ती आपली आपण तुटू देतात. मग उरलेला देठ ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात बुडवतात, पहिले दोन-तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा. कडक आयोडीनने तिथली कातडी भाजते.

सगळ्यात जास्त लक्ष चिकावर, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधावर. घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून येतात. आतड्यांना ती शोषता येतात ती जेमतेम पहिले १८ ते २४ तास, आणि त्यातही पहिले काही तास मोलाचे. म्हणून दुसऱ्या दिवशी रक्त तपासतात. त्यातलं आयजीजी, म्हणजे चिकातून आलेलं मुख्य प्रतिपिंड, ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर बरं. पहिली काळी, घट्ट लीद पहिल्या दिवसात पडली नाही तर शिंगरू शेपटी वर करून कुंथत राहतं. नरांमध्ये हे जास्त दिसतं, त्यांचं कमरेचं हाड अरुंद असतं.

खुरं बघायला आम्ही गुडघे टेकले. तळाशी पिवळट-पांढरे मऊ पदर लोंबत होते, भिजलेल्या रबराच्या चिंध्यांसारखे. पोटात लाथा झाडताना घोडीला आतून इजा होऊ नये म्हणून हे आवरण असतं. शिंगरू चालू लागलं की एका दिवसात झिजून जातं. आमच्याकडच्या एकाही पुतळ्यावर ते नाही. शेपूट आखूड आणि कुरळी, आयाळ उभी आणि विरळ, ओठांवरच्या मिशाही वळलेल्या. पुतळ्यावर लांब, सरळ शेपूट दिसली की समजावं, हे नवजात नव्हे.

बाहेरच्या कुंपणात थोडी मोठी शिंगरं होती. आठवडा-दहा दिवसांच्या एकाला पातळ हगवण लागली होती. याच सुमारास घोडी पुन्हा माजावर येते, म्हणून दोन्हींचा संबंध लावला जातो. शिंगरू चपळ असेल, लुचत असेल तर ती आपोआप थांबते. मलूल झालं किंवा पिणं सोडलं, तर मात्र एक तासही घालवू नये. आणखी एक शिंगरू आईची लीद खात होतं. तेही नेहमीचंच, त्यातून आतड्यांत उपयोगी जंतू जातात.

एक शिंगरू गवताशी झटत होतं. जन्मतःच पायांची लांबी मोठ्या घोड्याच्या पायांच्या ८० ते ९० टक्के असते आणि मान मात्र आखूड. पुढचे पाय फाकवल्याशिवाय तोंड जमिनीला टेकतच नाही. पाय जवळ ठेवून शांतपणे चरणारं खेळण्यातलं शिंगरू आम्हाला तेव्हापासून खोटं वाटतं.

रंगाचंही तसंच. पांढऱ्या दिसणाऱ्या बहुतेक घोड्या खरं तर ‘करड्या’, म्हणजे वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या असतात, आणि अशी शिंगरं काळी, कुमैत (तपकिरी अंग, काळे पाय आणि आयाळ) किंवा तांबडी जन्मतात. पांढरे केस अनेकदा आधी डोळ्यांभोवती उगवतात. कुमैत शिंगराचे पायही सुरुवातीला फिके, राखाडी-पिवळट असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली लव झडते तेव्हा काळा रंग वर येतो. म्हणजे काळेभोर पाय रंगवलेलं कुमैत शिंगरू त्याहून मोठं.

जोडी जमवताना पट्टी लावावी. १६० सेंटिमीटरच्या घोडीचं नवजात शिंगरू खांद्याशी साधारण एक मीटर भरतं. १:९ मध्ये घोडी सुमारे १८ सेंटिमीटर आणि शिंगरू ११, १:३२ मध्ये ५ आणि ३. ब्रायर या खेळणी कंपनीचे ‘ट्रॅडिशनल’ मालिकेतले पुतळे १:९ चे, ‘स्टेबलमेट’ मालिकेतले १:३२ चे. श्लाइश या दुसऱ्या कंपनीचे घोडे १:२० च्या आसपास येतात, पण एकच माप कसोशीने पाळलेलं नसतं. शिंगरू घोडीच्या सहा दशांशाहून बरंच मोठं असेल तर ते नवजात म्हणून मांडू नये.

शिंगराचे पाय बारीक, म्हणून सगळ्यात आधी तेच वाकतात, विशेषतः उन्हाळ्यात ढिगाखाली राहिले तर. मऊ पीव्हीसी प्लास्टिकचं असेल तर ६०-७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरावं, हलक्या हाताने सरळ करावं आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवावं. रेझिनवर हा प्रयोग नको, ते तुटतं. ब्रायरचे मोठे घोडे सेल्युलोज अॅसिटेट या प्लास्टिकचे आणि पोकळ असतात. त्यांनाही गरम पाणी नको आणि बुडवून धुणंही नको, कारण नाकपुडीतल्या किंवा तोंडातल्या बारीक भोकातून पाणी आत जातं. ओल्या कपड्याला साबणाचा थेंब लावून पुसावं. अॅसिटोन तर चुकूनही नको, रंगाबरोबर अंगही विरघळतं.

पीव्हीसी जुनं झालं की चिकट होतं, आतला मऊपणा आणणारा पदार्थ पृष्ठभागावर झिरपतो. थर्मोकोलला टेकून ठेवलं तर दोन्ही खराब. प्रत्येक शिंगरू वेगळ्या आम्लविरहित कागदात गुंडाळावं. अॅसिटेटला व्हिनेगरसारखा वास आला तर ते बिघडू लागलं आहे. ते लगेच बाकीच्यांपासून दूर, हवेशीर जागी न्यावं, कारण त्याची आम्ल वाफ शेजारच्या पुतळ्यांनाही लागते. शिशाचे जुने प्राणी असतील तर ओकच्या कपाटात नकोत. लाकडातून निघणाऱ्या आम्लाने शिशावर पांढरी पूड चढते, आणि ती विषारी असते.

परत निघताना घोडी शिंगराच्या पाठीवरची उरलीसुरली ओल चाटत होती. वाळलेली लव तिथे लाटांसारखी बसली होती, बरगड्यांवर आडवी आणि मांडीवर उलटी फिरलेली. डबीतल्या ११ सेंटिमीटरच्या शिंगरावर हीच लव कोरलेली आहे, पण मांडीवरही आडवीच.