रेड डॉट: झिरो का सरकत होता ते सापडलं

मंडळी, आपल्या स्प्रिंगच्या एअर गनचा झिरो (नेम आणि मार जुळवलेली जागा) सारखा सरकतो म्हणून मागच्या नोंदीत ट्यूबवाल्या रेड डॉटला (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमाच्या साइटला) दोष दिला होता, तो आज मागे घ्यायचाय. ट्यूब निर्दोष आहे. खोट माउंटमध्ये (साइट बंदुकीवर धरणाऱ्या जोडात) होती, आणि त्याहून जास्त माउंट आवळायच्या आपल्या पद्धतीत.

लक्षण तेच. निपाणीच्या रिकाम्या वखारीत १० मीटरवर झिरो केला की पहिले वीस-पंचवीस छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. मग गट खाली उतरू लागतो, चाळिसाव्या छर्ऱ्यापर्यंत दोन सेंटिमीटर. साइटच्या स्क्रूला क्लिक देऊन वर आणला तरी पुढच्या चाळिसात पुन्हा तेच.

या खेपेला दोन सांध्यांवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली: एक डव्हटेल (बंदुकीवरची तिरक्या कडांची पट्टी, म्हणजे रेल) आणि तिला जबड्यानं धरणाऱ्या अडॅप्टरच्या मध्ये, दुसरी अडॅप्टर आणि साइटच्या मध्ये. तीस छर्ऱ्यांनंतर दोन्ही रेघा तुटलेल्या. अडॅप्टर डव्हटेलवर जवळपास १ मिमी मागे गेला होता, आणि साइटचा आडवा बोल्ट अडॅप्टरवरच्या खाचेच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकला होता. आधी तो पुढच्या भिंतीला होता, कारण आपणच तो पुढे रेटून आवळला होता.

इथंच सगळी गोम आहे. खोक्यावर ‘हंटिंग रायफलसाठी’ असं लिहिलेली साइट दारूच्या काडतुसाचा विचार करून बनवलेली असते. ती रायफल फक्त मागे धक्का देते, साइट जडत्वानं जागेवरच राहू बघते, म्हणजे रेलच्या हिशोबानं पुढे सरकते. म्हणून ‘खाचेत पुढे रेटून आवळा’ हा सल्ला तिथं अगदी बरोबर. स्प्रिंगच्या एअर गनमध्ये पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला थडकला की तीच बंदूक झटक्यानं पुढे फेकली जाते. हा दुसरा झटका जास्त तीक्ष्ण. त्यात साइट मागे राहते, म्हणजे मागे सरकते. आपल्या बंदुकीवर साइट मागेच रेटून आवळायला हवी.

त्यात भर खाचेतल्या ढिलाईची. साइट बसवायच्या आडव्या खाचांचे दोन प्रकार: पिकॅटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद, वीव्हरची ४.५७. आपल्या साइटचा बोल्ट वीव्हरच्या मापाचा, अडॅप्टर पिकॅटिनीचा. म्हणजे साधारण ०.६६ मिमी मोकळी जागा. बसतं सगळं व्यवस्थित, पण प्रत्येक छर्ऱ्याला हातोडी मारल्यासारखं होतं.

अडॅप्टरबद्दल स्पष्ट सांगतो: ऑनलाइन मिळणारे ‘११ मिमी डव्हटेल’वाले स्वस्त अडॅप्टर डोळे झाकून घेऊ नका. ११ मिमी हे नुसतं नाव आहे, रेलची रुंदी आणि खाचेचा कोन बंदुकीगणिक बदलतो. आमच्या अडॅप्टरच्या जबड्याचा कोन रेलशी जुळतच नव्हता, तो फक्त कडेवर चावत होता. काळ्या पॉलिशवर दोन केसाएवढ्या चकचकीत रेघा दिसल्या तेव्हा कळलं. शिवाय स्टॉप पिन (रेलच्या भोकात अडकून अडॅप्टरला सरकू न देणारी खीळ) नाही. विकणाऱ्याकडून विचारणेला उत्तरही नाही.

पिनचं काम बेळगावच्या उद्यमबागेत झालं. छोट्या कामाला तिथले लेथवाले सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त नमुना आणि माप हातात द्या. रेलच्या मागच्या टोकाला भोक होतंच. अडॅप्टरला त्या जागी आटे पाडून ३ मिमीची टणक पोलादी पिन बसवली, भोकाच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी आखूड. पिन तळाला टेकली तर अडॅप्टर उचलला जातो आणि जबडा धरतच नाही. ज्यांच्या रेलला भोक नाही त्यांनी ते पाडायला जाऊ नये, खाली कॉम्प्रेशन ट्यूब (पिस्टन धावतो ती नळी) आहे. जबडेही त्याच कामात कानशीनं रेलच्या कोनाला जुळवून घेतले.

बसवताना: रेल आणि जबडे आयसोप्रॉपिल अल्कोहोलनं पुसून कोरडे करा, तेलाचा थेंबही नको. अडॅप्टर पिनला टेकेपर्यंत मागे ओढा. स्क्रू एकदम न आवळता आलटून पालटून पाव-पाव फेरा द्या. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब, लालला हात लावू नका, नंतर काढताना स्क्रूचं डोकं जातं. मग साइट मागे रेटून आवळा, रेघा ओढा आणि एक रात्र तशीच ठेवा.

निकाल: १२० छर्रे, दोन्ही रेघा अखंड, गट जिथल्या तिथं. शेवटचे पाच छर्रे पहिल्या पाचांवरच पडले. तो कागद जपून ठेवलाय!

नळी किंचित खाली झुकलेली असल्यानं एलिव्हेशन (मार वर नेणारे क्लिक) मात्र संपत आलं होतं. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. त्याची एक पट्टी बेसच्या मागच्या टोकाखाली घातली. टेकूंमधलं अंतर ७० मिमी, म्हणजे जवळपास ५ एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), १० मीटरवर १४ मिमी वर. क्लिक परत मधोमध आले.

आता पुढचं. ठरलं होतं ४ एमओएचा डॉट घ्यायचा, पण हे लिहितानाच हिशोब पुन्हा मांडला. १० मीटरवर ४ एमओए म्हणजे ११.६ मिमी, २५ मीटरवर २९ मिमी. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा, २५ मीटरवर तो जवळपास झाकूनच जाईल. २ एमओएच घ्यायचा. क्लिक १ एमओएचा असेल तर १० मीटरवर २.९ मिमी, तेवढा पुरे.

पॅरलॅक्सही (डोळा हलला की डॉट लक्ष्यावरून सरकणं) बघा. ‘पॅरलॅक्स-फ्री’ हे साधारण ५० किंवा १०० यार्डांवर खरं असतं. २० मिमी काचेची, ५० यार्डांवर पॅरलॅक्स-फ्री असलेली साइट १० मीटरवर डोळा काचेच्या कडेला गेला तर जवळपास ८ मिमी चूक देते. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवा आणि हात न लावता डोकं हलवून बघा, डॉट कागदावर फिरताना दिसेल. गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकला, तर ही चूक आपोआप मरते.

डॉट स्वल्पविरामासारखा दिसत असेल तर साइट परत पाठवण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथं गोल दिसला तर तो डोळ्यातला ॲस्टिगमॅटिझम.

खानापूर, जांबोटीकडच्या भरपूर पावसातल्यांनी उघडी रिफ्लेक्स (ट्यूब नसलेली, एकाच काचेची रेड डॉट) घेऊ नये. पावसाळ्यात एमिटरवर (डॉट पाडणाऱ्या दिव्यावर) एक थेंब बसला की डॉटचा फुगा होतो किंवा तो दिसतच नाही. बंद ट्यूबच बरी, आणि पेटीत सिलिका जेल.

रेंजवर स्पर्धा खेळणाऱ्यांना हे लागू नाही, १० मीटर एअर रायफलला रेड डॉट चालत नाही. आणि आपलं काम कागदापुरतंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानडुकरावर, सशावर नेम धरायचा प्रश्नच येत नाही.

पुढच्या रविवारी २५ मीटर. आमचा माउंट उंच आहे, काच नळीपेक्षा ४० मिमी वर. छर्ऱ्याचा वेग २०० मीटर प्रति सेकंद धरला तर १० मीटरच्या झिरोवर २० मीटरला मार सुमारे एक सेंटिमीटर वर बसायला हवा. आधी २० वरच तपासू, मग झिरो कुठं ठेवायचा ते ठरवू.