सहा वर्षांच्या लेकीला आणायला ओडिशाला जाताना

तिकिटं झाली एकदाची. जानेवारीत मी, नवरा आणि आमचा नऊ वर्षांचा लेक असे तिघं ओडिशाला जातोय आणि येताना चौघं असू. आम्ही दत्तक घेतोय ती मुलगी सहा वर्षांची आहे. तिचं नाव, फोटो, संस्थेचं नाव यातलं काहीच इथे टाकणार नाही, कायद्यानेही ते चालत नाही आणि मलाही नको, तेव्हा कृपया कोणी मागू नका. बाकी सगळं लिहिते, कारण आमच्या देवगडात बातमी पसरल्यापासून बाजारात, एसटीत, देवळात सगळीकडे एकच प्रश्न येतोय, तान्हं का नाही घेतलं?

तर ऐका. दत्तकासाठी कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तिथे किती वयाचं मूल हवं ते आपण सांगायचं असतं. नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचं मूल मिळू शकतं, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी बेरीज १०० पर्यंत चालते. आमची ८५ च्या आत होती, म्हणजे आम्हालाही बाळ मागता आलं असतं. पण बाळांसाठी आईबापांची रांग आहे आणि ती वर्षानुवर्षांची आहे, आणि मोठी मुलं मात्र स्वतःच रांगेत बसलेली असतात. देशात ठरलेल्या मुदतीत कोणी पुढे आलं नाही की मग परदेशातल्या कुटुंबांना विचारतात आणि इटलीतून, अमेरिकेतून, स्पेनमधून लोक एवढ्या लांबून येऊन आपली मोठी मुलं, आजारी मुलं, अपंग मुलं घेऊन जातात, माया करतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण आपल्याकडे भरलेली घरं असताना सहा वर्षांच्या पोरीला मायेसाठी विमानाने रोमला जावं लागावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आम्ही चार ते आठ असा गट भरला.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही, लग्नाचा दाखला, उत्पन्न, मेडिकल, ते सगळ्यांना जमतं. होम स्टडीचं, म्हणजे घर आणि घरातली माणसं बघायला येतात त्याचं, मात्र सांगते. ओरोसहून समाजसेविका ताई आल्या, मला वाटलं घर किती मोठं, पगार किती हे बघतील, तर त्या आधी सरळ मागीलदारी गेल्या आणि विहिरीपाशी उभ्या राहिल्या. आमच्या विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा, इतकी वर्षं कोणाला काही वाटलं नव्हतं, आमचा लेक तिथेच वाढला. ताई म्हणाल्या, तुमच्या मुलाला रांगता रांगता कळलंय विहीर कुठे आहे, तिला कसं कळणार? दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने गवंडी आणला, कठडा छातीएवढा केला, वर लोखंडी जाळी बसवली.

मग ताईंनी सासूबाईंना वेगळं बसवून विचारलं, तुम्हाला ही नात म्हणून चालेल ना? आई म्हणाल्या, "माका इचारलास ता बरां केलास, पण त्या चेडवाक कोणी इचारलां काय, तिका आम्ही चलतलंव काय ता?" म्हणजे त्या पोरीला कोणी विचारलं का, तिला आम्ही चालू का ते? ताई हसल्या नाहीत, नीट समजावून सांगितलं की पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतातच. आणि खरंच घेतली. रेफरल, म्हणजे पोर्टलवरून तिची माहिती, आल्यावर होकार द्यायला आमच्याकडे ४८ तास होते, तिचा फोटो, चाइल्ड स्टडी रिपोर्ट, मेडिकल रिपोर्ट सगळं वाचून आम्ही त्याच रात्री होकार दिला, पण संस्थेने तिला वेळ दिला, आमचा अल्बम दाखवला, व्हिडिओ कॉल झाले आणि मग तिने मान हलवली.

अल्बम लेकाने केलाय. घर, पडवी, कलमांची बाग, गोठा, मांजर, किनारा, आणि शेवटच्या पानावर तिची खाट, तिच्या खाटेवर कोणी बसलेलं नको म्हणून त्याने तो फोटो रिकामाच काढला. बंदरावर एका ट्रॉलरवर ओडिशाचा एक खलाशी आहे, त्याने प्रत्येक फोटोखाली ओडियात लिहून दिलं आणि आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर वाक्यं रेकॉर्ड करून दिली, भूक लागली का, कुठे दुखतंय, शू आली का, घाबरू नको, आम्ही इथेच आहोत. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही तिघं ती ऐकतो आणि मोठ्याने म्हणतो.

खाण्याची काळजी आईंनी स्वतःकडे घेतलीय. संस्थेतल्या मावशी फोनवर म्हणाल्या की तिला पखाळ आवडतं, म्हणजे भात पाण्यात घालून रात्रभर ठेवायचा, जरा आंबला की मीठ घालून खायचा, सोबत सुकी मासळी, बटाटा, कांदा. तिकडेही उकडाच तांदूळ खातात. आईंनी ऐकलं आणि त्याच रात्री मडक्यात भात भिजत घातला, सकाळी चुलीत सुको बांगडो भाजला, आम्हाला सगळ्यांना बसवून खायला लावलं आणि म्हणाल्या, "आमच्या पेजेचीच भयण ही, चेडू उपाशी रवाचां नाय." तेव्हापासून माझी निम्मी भीती गेलीय.

लोकांचे दोन सल्ले मात्र मला अजिबात मान्य नाहीत. एक, नाव बदला. का बदलायचं? तिची आई गेली, घर गेलं, आता भाषाही मागे राहणार, निदान ज्या हाकेला ती ओ देते ती तरी तिची राहू दे. दुसरा, एवढ्या मोठ्या मुलीला मागचं सगळं आठवणार. हो, आठवणार, आणि तिला बोलायचं असेल तेव्हा आम्ही ऐकणार.

जाताना कोकणकन्या आणि मुंबईहून विमान, पण येताना मुद्दाम ट्रेन ठेवलीय, कोणार्क एक्सप्रेस. विमानात दोन अडीच तासांत तिचं सगळं जग बदलणार, त्यापेक्षा दीड दिवस गाडीत एकत्र खाऊ, झोपू, खिडकीतून बघू. सुरुवातीला गाडी चिल्का सरोवराच्या कडेने जाते, मग आंध्र, तेलंगणा, सोलापूर, हळूहळू सगळं बदलत जाईल. पुण्याला नणंदेकडे मुक्काम, मग कोल्हापूरवरून फोंडाघाट उतरून घरी.

घरी आली तरी लगेच कायद्याने आमची होत नाही, आधी प्री अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअर, म्हणजे दत्तकाआधीचा सांभाळ, म्हणून राहते, मग तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. २०२२ पर्यंत हे काम कोर्टात असायचं. ती घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ताई येऊन बघणार. शाळेचं म्हणाल तर एका ठिकाणी आधी जन्मदाखला आणा म्हणाले, तो आदेशानंतरच मिळतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ते कलम दाखवल्यावर झालं. पण आम्ही तिला जूनपर्यंत घरीच ठेवणार आहोत.

आता वाडीतल्या आणि मुंबईच्या सगळ्यांना हात जोडून विनंती. ती आली की लगेच बघायला येऊ नका. पहिला महिना घरात आम्ही पाचच माणसं असणार, तिला आधी आमचे चेहरे पक्के होऊ देत. नंतर एकेक जण या, तिला उचलून घेऊ नका, गाल ओढू नका, तुझी आई कुठाय असं तर चुकूनही विचारू नका. खेळणी नकोत, भरपूर झालीत. आणि कोणी मोठं मूल दत्तक घेतलेलं असेल तर ट्रेनमध्ये पहिल्या रात्री काय केलंत, मूल झोपलं का, रडलं तर काय उपयोगी पडलं ते जाण्याआधी नक्की सांगा, मी सगळं लिहून घेतेय.