नर्मदा दोन वाटांनी येते

श्रावणी सोमवार, उज्जैन

महाकालाच्या सवारीसाठी, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीसाठी, माहेरी आले आहे. इथल्या लोकांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, पण महाकालाची सवारी त्यांच्या भाद्रपदातही निघत राहते, म्हणजे आपला श्रावण सरत येईपर्यंत. ही शिंदेशाहीची आठवण, असं आई अभिमानानं सांगते. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं. पालखी परतताना तिथेही थांबते.

त्याआधी ती रामघाटावर येते. पालखीत चंद्रमौलेश्वर, हत्तीवर मनमहेश, दोन्ही महाकालाचीच रूपं, आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. क्षिप्रेच्या पाण्यानं पूजा झाली. गर्दी ओसरल्यावर आई दोन पायऱ्या उतरली, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि पाणी सोडून दिलं. आचमन केलं नाही. मी लहान असताना ती करायची. मलाही करायला लावायची.

मला फार लागलं ते. कारण मी राहते इंदूरला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी मी रोज जी कान्ह नदी ओलांडते, तीच पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. पर्वस्नान आलं की कान्हचं घाण पाणी अडवायला तिथे मातीचा बांध घालतात.

इंदूरला प्यायला पाणी नर्मदेचं, थेट नर्मदाकाठच्या जलूदहून चढवून आणलेलं. आपण ते पितो, त्यात भांडी घासतो, संडासात ओततो, आणि त्यातलं बरंचसं शेवटी कान्हला लागतं. 2014 साली क्षिप्रा वाहती राहावी म्हणून नर्मदेचं पाणी उपसून इंदूरजवळच्या उज्जैनी गावात तिच्या उगमापाशी सोडलं. म्हणजे नर्मदा उज्जैनला दोन वाटांनी येते: एकदा स्वच्छ, एकदा आमच्या घरांतून. स्वच्छतेत 2017पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर आणणारं आमचं शहर. तो मान कष्टानं मिळवलेला आहे, शुद्धीकरण केंद्रंही उभी राहिली. पण नदी खाली जाते तिथे काय पोचतं, हेही त्याच मानात धरायला हवं.

2028च्या सिंहस्थासाठी कान्ह बंद कालव्यातून घाट टाळून खाली सोडायचं काम सुरू आहे. 2016च्या सिंहस्थाआधीही असंच नळ टाकून झालं होतं. यानं स्नानाची सोय होईल, मान्य. पण घाटाखालच्या गावांतही माणसंच राहतात, आणि क्षिप्रा तिथूनच चंबळेला जाते. घाण वळवणं म्हणजे नदी स्वच्छ करणं, हे मला पटत नाही. पाणी इंदुरातच शुद्ध व्हायला हवं, थेंबन् थेंब.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. आमचं सांडपाणी ड्रेनेज लाइनला जोडलंय की मागच्या नाल्यात जातंय, हे सगळ्यांसमोर विचारणार आहे. नकाशा मागून घेणार.