नोंद ४ : भिंतीलगतचं फ्लॅशिंग आणि तीन मिलिमीटरचा हिशेब

पत्रे चढले, स्क्रू आवळून झाले, भिंतीत खाच मारून झाली, फ्लॅशिंगचे, म्हणजे छप्पर आणि भिंतीच्या सांध्यावरून पाणी वळवणाऱ्या पट्टीचे, तुकडे वाकवून तयार आहेत. सीलंटची, म्हणजे सांधा बुजवणाऱ्या लवचिक लुकणाची, नळी मात्र अजून चाचणीपुरतीच फोडली आहे. ती कोणती, किती आणि नेमकी कुठे, एवढाच या नोंदीचा विषय.

आधी मोजमापं. छप्पर एकपाखी, भिंतीला टेकणारी बाजू साडेपाच मीटर. पत्रा स्टीलचा, ॲल्युमिनियम-झिंकच्या लेपाचा. फ्लॅशिंग ०.७ मिमी रंगीत ॲल्युमिनियमचं, उलगडलेली रुंदी ३०० मिमी. तांबं आणि शिसं पहिल्याच दिवशी यादीतून बाद झाले. तांब्यावरून उतरलेलं पाणी झिंकचा लेप खातं, आणि शिसंही या लेपाला चालत नाही.

नळीवरचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. पहिला प्रश्न असा की सांधा हलतो किती? ॲल्युमिनियम दर मीटरमागे दर अंशाला ०.०२४ मिमी वाढतं, स्टील त्याच्या निम्मं. उन्हात फ्लॅशिंग ६५ अंशांवर जातं आणि पहाटे १० वर उतरतं असं धरलं, तर फरक ५५ अंशांचा. तेवढ्यात तीन मीटरचा तुकडा ४ मिमी सरकतो, दीड मीटरचा २ मिमी.

खाचेतल्या सांध्याला हे आकडे जड नाहीत. दीड मीटरचा तुकडा मधोमध पक्का केला की टोक जेमतेम १ मिमी सरकतं, आणि ८ मिमी रुंद सीलंट १ मिमी आडवं ओढलं गेलं तर ताण (मूळ रुंदीच्या मानाने वाढ) एक टक्काही होत नाही. खरी कसोटी दोन तुकड्यांच्या लॅपमध्ये, म्हणजे एकावर एक चढलेल्या टोकांत असते. तिथे दोन्ही टोकांची सरक एकत्र येते आणि सीलंटचा थर पातळ असतो.

थर ३ मिमी आणि तुकडे तीन मीटरचे धरा. सरक ४ मिमी, म्हणजे शाळेतला ३-४-५चा त्रिकोण. तीनाचं पाच झालं, ताण ६७ टक्के. तुकडे दीड मीटरचे केले तर ३ आणि २ चा कर्ण ३.६, ताण २० टक्के. आता तोच लॅप रिव्हेट मारून १ मिमीपर्यंत दाबला, तर कर्ण २.२४ आणि ताण १२४ टक्के. बाजारातलं चांगलं सीलंट ±२५ टक्क्यांचं असतं. तेव्हा महागडी नळी आणून पातळ लॅपमध्ये भरण्यात काही अर्थ नाही. तुकडा आखूड करणं आणि थर जाड ठेवणं, हे दोन्ही फुकटात होतं.

म्हणून आता चार तुकडे दीड मीटरचे आणि तीन लॅप १५० मिमीचे. एकूण लांबी ५.५५ मीटर भरते. लॅपमध्ये ३ मिमी जाड ईपीडीएम रबराचे छोटे तुकडे टेकू म्हणून, आणि रिव्हेट एकही नाही. रिव्हेट मारले की सगळी पट्टी एकच लांब तुकडा होते आणि सात मिलिमीटरच्या वर सरक शेवटच्या भोकांवर येते. भोकं लांबट झालेली जुनी फ्लॅशिंगं पाहिली असतील, त्यांचं कारण बहुतेक हेच. लॅपचं तोंड पावसाच्या वाऱ्याकडे पाठ करून.

आता विनिर्देश. कागदावर लिहिलेलं असं: आयएसओ ११६०० (सीलंटच्या वर्गवारीचं आंतरराष्ट्रीय मानक), एफ-२५-एलएम, एकघटकी, न ओघळणारं, हायब्रिड म्हणजे एमएस पॉलिमर (सिलिकोन आणि पॉलियुरेथेनच्या मधला प्रकार). एफ म्हणजे इमारतीचे सांधे (जी काचेसाठी), २५ म्हणजे हालचालीची टक्केवारी, एलएम म्हणजे कमी मॉड्युलस, ज्यात ताणताना सीलंट कडेला कमी ओढतं. नळीवर मोठ्या अक्षरांत ‘५०० टक्के लांबतं’ असं असतं, त्याला भुलू नका. ते तुटेपर्यंतचं ताणणं आहे, रोजच्या हालचालीची क्षमता नाही.

बाकीचे का नाहीत? व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटॉक्सी सिलिकोन धातूला गंजवतं आणि गिलाव्यातल्या चुन्या-सिमेंटशी त्याचं पटत नाही. न्यूट्रल सिलिकोन उन्हात सगळ्यांत टिकाऊ आहे, पण त्यावर रंग बसत नाही, आणि पुढे दुरुस्ती करायची तर सिलिकोनखेरीज दुसरं काही चिकटत नाही. पॉलियुरेथेन गिलाव्याला छान धरतं, पण उघड्या उन्हात त्याची पूड सुटते आणि ओल्या भिंतीवर फुगे येतात. डांबरी मॅस्टिक इथे विषयच नाही.

खाचेचा तपशील. खाच २५ मिमी खोल, १० मिमी उंच. ॲल्युमिनियमची दुमडलेली कड खालच्या अंगाला २० मिमी आत. वर उरते ती सुमारे ८ मिमीची फट. तीत १० मिमी व्यासाचा बंद पेशींचा बॅकर रॉड (सीलंटमागे आधाराला बसणारी फोमची दोरी), फटीपेक्षा पाव पट जाड, म्हणजे दाबून बसतो. पुढे ६ मिमी खोल सीलंट. रॉड स्क्रू ड्रायव्हरने ढकलायचा नाही. टोचला की आतला वायू हळूहळू सुटतो आणि दुसऱ्या दिवशी रेघेवर फोड दिसतात. बोथट लाकडी पट्टी पुरे.

लॅपमधली रेघ आधी २० मिमी रुंद ठरली होती, ती कमी केली. हे सीलंट हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं, पहिल्या दिवशी २ ते ३ मिमी, मग वेग मंदावतो. खोली साधारण दिवसांच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. दोन धातूंच्या मध्ये अडकलेल्या रेघेला हवा फक्त एका कडेने लागते. पहिल्या दिवशी २.५ मिमी धरलं, तर १० मिमीला १६ दिवस लागतात आणि २० मिमीला ६४! तोवर रोजची सरक कच्च्या गाभ्याला ओढत राहणार. त्यामुळे आता प्रत्येक लॅपमध्ये १० मिमीच्या दोन रेघा, मध्ये मोकळी जागा, ती दोन्ही टोकांना उघडी.

प्रमाण: खाचेत ४८ चौ. मिमी गुणिले ५.५ मीटर, म्हणजे २६४ मिली. लॅपमध्ये ३० चौ. मिमी गुणिले ३०० मिमी गुणिले ६, म्हणजे ५४ मिली. एकूण ३१८, वाया जाणारं २० टक्के धरून ३८२. ३०० मिलीच्या दोन नळ्या. दोन्हींवरची तारीख तपासा, जुनी नळी गनमधून निघते खरी पण चिकटत नाही.

ओढ-चाचणी आधी, तीही त्याच ॲल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यावर आणि खाचेच्या आतल्या गिलाव्यावर. चौदा दिवस थांबायचं, रेघ एका टोकाला आडवी कापायची, दोन्ही बाजूंनी ७५ मिमी सोडवायची आणि काटकोनात ओढायची. सीलंट मधून फाटलं तर पास, पृष्ठभागावरून सोलून निघालं तर नापास. ॲल्युमिनियमवर मधूनच फाटलं. गिलाव्यावर मात्र सोलून निघालं आणि पाठीवर पांढरी भुकटी चिकटलेली होती, ग्राइंडरच्या पातीची धूळ. तारेच्या ब्रशने घासून, हवा मारून आणि प्रायमर लावून दुसरी रेघ ओढली आहे. तिचे चौदा दिवस अजून व्हायचेत.

धातूची सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दोन फडक्यांनी. एकाने ओलं पुसायचं, ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने तेल फक्त जागा बदलतं. रंगीत पत्र्यावरच्या संरक्षक फिल्मचा गोंद लॅपच्या कडेला राहतो, तिथे दोनदा. रेघ कोरड्या पट्टीने दाबायची, साबणाच्या पाण्याने नाही, कारण पाणी कडेत शिरलं की तिथेच सुटतं. काम ढगाळ दिवशी किंवा सकाळी उशिरा, धातू तापमानाच्या मधल्या पट्ट्यात असताना. म्हणजे पुढची सरक दोन्हीकडे वाटली जाते आणि लॅपमधला ताण वीसवरून पाच टक्क्यांवर येतो.

फ्लॅशिंगची खालची कड उघडीच राहणार. तिथेही एक रेघ मारून टाकायची हौस पुष्कळांना असते. मग आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि पत्रा आतून गंजतो.

उजेडासाठी बसवलेला पॉलिकार्बोनेटचा दोन मीटरचा तुकडा याच ५५ अंशांत ७ मिमी सरकतो. त्याला सीलंट नाही, मोठी भोकं आणि ईपीडीएम वॉशर. वरच्या कडेला अगदीच लागलं तर न्यूट्रल सिलिकोनपैकी अल्कॉक्सी प्रकारचं, ऑक्झाइम प्रकारचं नको, आणि फ्लॅशिंगच्या हायब्रिडपासून हातभर लांब.

उरलेलं: गिलाव्यावरच्या दुसऱ्या रेघेचा निकाल, मग तीन लॅप एका दिवसात, खाच दुसऱ्या दिवशी. धुराड्याच्या पाइपाभोवतीचं रबरी बूट पुढच्या नोंदीत.