कॉन्व्हेंटच्या प्राथमिक वर्गात नेमकं काय शिकवतात?

आपल्याकडे खेड्यातल्या पालकांना पहिली शंका धर्माची असते. ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो. बाकीच्यांना त्या वेळी नीतिमूल्यं शिकवतात. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम 28 मध्येच आहे.

खरी अडचण गणितात येते. 402 मधून 178 वजा करायला सांगा, तिसरीतली बरीच मुलं 234 लिहितात. दशकाच्या जागी शून्य आहे, म्हणून शतक मोकळं केलं की तिथे 10 दशक येतात. त्यातला एक एककाला दिला की उरतात 9, पण मुलं 10 च धरून चालतात. फळ्यावर हे दहादा सांगून काही होत नाही. तुराटीच्या 100 काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा, त्या सगळ्यांचा एक मोठा गठ्ठा करा. मुलाने स्वतःच गठ्ठा सोडायचा, मग एक जुडी सोडायची. समोर 9 जुड्या दिसल्या की 224 आपसूक येतं.

परिसर अभ्यासात तुरीचे दाणे ओल्या कापसावर रुजवतात. पाणी जास्त झालं की दाणे सडतात, कारण हवा मिळत नाही. कापूस फक्त ओलसर हवा.

मराठी इंग्रजी माध्यमातही सक्तीची आहे, 2020 च्या कायद्याने. तरी वाचन घरी घ्याच. मुलं जोडाक्षरं वाचतानाच अडतात.