चिप झोपलेली असतानाची वीज

आजचा सगळा दिवस लीकेजच्या, म्हणजे चिपमधल्या वीजगळतीच्या, रिपोर्टमध्ये गेला. क्लॉक बंद, काम शून्य, तरी ट्रान्झिस्टरमधून करंट झिरपतच राहतो. थ्रेशोल्ड व्होल्टेज (व्हीटी), म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारा व्होल्टेज, साधारण ८०-१०० मिलिव्होल्टनं उतरवला की वेग वाढतो, पण गळती दहापट होते! तापमान चढलं की आणखी. म्हणून २५ अंशांच्या आकड्यावर विसंबून चालत नाही, १२५ अंशांचाही बघावाच लागतो.

एका ब्लॉकमध्ये टायमिंगला भरपूर वाव असलेल्या, म्हणजे सिग्नल वेळेआधीच पोचणाऱ्या, मार्गांवरही लो-व्हीटी सेल (वेगवान, पण जास्त गळणारे तयार सर्किट-ठोकळे) बसलेले दिसले. टूलला तिथे हाय-व्हीटी (संथ, पण कमी गळणारे) लावायला सांगितलं. सेलचा आकार तोच, त्यामुळे वायरिंगला धक्का नाही. एका मार्गाचा स्लॅक, म्हणजे हाताशी उरलेला वेळ, उणे झाला, तिथला एक बफर (सिग्नल पुढे ढकलणारा सेल) तेवढा परत लो-व्हीटी केला. गळती निम्म्याखाली आली, फार बरं वाटलं.

२००७ मध्ये इंटेलनं ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये गेटखाली (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारं टोक) हाफ्नियमचा थर आणला आणि गेटमधली गळती आटोक्यात आली. सोर्स-ड्रेन या करंट वाहणाऱ्या दोन टोकांमधली मात्र आजही डिझाइनवाल्यांनाही निस्तरावी लागते.

उद्या पॉवर गेटिंग, म्हणजे रिकाम्या ब्लॉकचा पुरवठाच तोडायचा. रिटेन्शन फ्लॉप, म्हणजे पुरवठा तुटला तरी माहिती धरून ठेवणारे सेल, किती ठेवायचे यावर टीमचं एकमत नाही. माझं म्हणणं, कमीत कमी ठेवा, तेही गळतातच.